गंमत म्हणून

आधी फ्रिज एकदा खोकल्यासारखा खडखडला, मग थरथरत सुरू झाला, आणि सकाळपासून घरात साचत गेलेली शांतता मधोमध तडकली. वीज आली होती. मी भिंतीला टेकून बाळाला पाजत बसले होते. त्या आवाजाने बाळ दचकलं, तोंडातलं सोडून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लागलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की लाल अंबाडीच्या सरबताच्या पिशव्या लगेच आत टाकायला हव्यात. संध्याकाळपर्यंत वीज टिकली तर गोठतील, उद्या शाळेपुढे विकता येतील. नुहुम, माझा नवरा, घरात नाही, त्याला सकाळी सैनिकांच्या छावणीवर नेलंय, हे त्याच्यानंतर आलं. विसरले होते असं नाही. पण पिशव्या पुढे आल्या आणि तो मागे राहिला, क्षणभरच, आणि त्या क्षणाची मला इतकी लाज वाटली की मी उठलेच नाही. फ्रिज रिकामाच गार होत राहिला.

बाहेर अंगणात आंब्याखाली सासूबाई बाजरी पाखडत होत्या. वीज आली तसा शेजारचा टीव्ही ओरडायला लागला, कुणीतरी कुणालातरी सलाम करत असल्याचा तो नेहमीचा बँड. त्यांनी मान वर केली नाही. सूप वर, खाली, वर. सकाळपासून त्या माझ्याशी अक्षर बोललेल्या नव्हत्या, आणि आमच्या घरात असं कधी होत नाही. त्या त्राओरे, मी दियारा. लग्न झालं म्हणून आमच्यात बाई बापाचं आडनाव टाकत नाही, आणि त्राओरे-दियारा समोरासमोर आले की एकमेकांना टोमणे मारायचे, गुलाम म्हणायचं, चवळी खाणारा खादाड म्हणायचं, हे पूर्वजांनी लावून दिलंय. राग धरायचा नाही. धरला तर धरणाऱ्याचीच शोभा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी त्यांच्यापुढे पाण्याचा वाडगा धरला, तर त्या अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "अगं बाई, नुहुमने घरात चवळीखाऊ आणलीय! डबे कुलपात घाला रे!" सगळे हसले, मी हसले, आणि ते घर तिथल्या तिथे माझं झालं. मुलीच्या वेळी कळा देत होते तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. "ओरड, ओरड," त्या म्हणाल्या, "चवळीचा वारा धरलाय, दुसरं काही नाही." मी त्या दुखण्यातही फस्सकन हसले आणि त्या हसण्यातच म्हातारी बाहेर आली. म्हातारी म्हणजे माझी मुलगी. तिला सासूबाईंचं नाव ठेवलंय, वोरोकिया, म्हणून घरात तिला नावाने कोण हाक मारणार? सासूला नावाने हाक मारल्यासारखं होईल. सगळे तिला म्हातारीच म्हणतात. आता पुढचे दोन दात पडलेत, तर ते नाव शोभतंही.

ती उंबऱ्यावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून, एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे आहे ते विचारायचं मला सुचत नव्हतं.

सकाळी दोघे जण मोटारसायकलवरून आले तेव्हा नुहुम किटलीतल्या पाण्याने तोंड धूत होता. पोरंच होती, गणवेशातली, सभ्य. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, रात्र शांततेत गेली का, घरचे बरे आहेत का, मुलं बरी आहेत का, आणि नुहुमने प्रत्येक वेळी म्हटलं, शांतता आहे, शांतता आहे, फक्त शांतता. मग त्यातला एक म्हणाला, "कमांडंटसाहेबांना दोन शब्द बोलायचेत." नुहुमने तोंड पुसलं, निळा झब्बा घातला, आणि जाताना मला म्हणाला, "खुर्च्या अजून शाळेतच आहेत. उन्हात प्लास्टिक तडकतं. कुणाला तरी उचलायला सांग." जाताना बायकोला म्हणण्यासारखी हीच गोष्ट त्याला सुचली. मला त्याचा राग आला. आणि आता, फ्रिजचा आवाज ऐकत, वाटायला लागलं की ती दोन पोरं ऐकत असताना दुसरं काय म्हणता आलं असतं? जे म्हणता येत नव्हतं ते सगळं त्याने त्या खुर्च्यांवर ठेवून दिलं असेल.

खुर्च्या हा त्याचा धंदा. बारसं, लग्न, मयत, वस्तीत कुणाच्याही दारात मांडव पडला की खाली नुहुमच्या पांढऱ्या खुर्च्या. धंद्यात तो अगदी गरीब माणूस. कुणी पाय मोडून खुर्ची परत केली तरी तो म्हणतो, "जाऊ द्या, लाकडापेक्षा माणूस महत्त्वाचा," आणि खुर्ची प्लास्टिकची असते. मी चिडते. नातेवाइकांच्या भांडणात दोन्हीकडचं ऐकून तो नंतर मला विचारतो, "मी काय म्हटलं असतं तर बरं झालं असतं?" असा माणूस. म्हणून काल सभेतल्या खुर्च्याही त्याच्याच होत्या, आणि काल तो स्वतःच्याच खुर्चीवरून उठला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कुठलीतरी खुर्ची डगमगतेय म्हणून बघायला उठलाय.

सभा शाळेच्या पटांगणात होती. वस्तीचं मत घ्यायला आलोत असं सांगितलं होतं: देश पुरता सावरेपर्यंत सैनिकांनीच सत्तेवर राहावं की निवडणूक घ्यावी. कमांडंट दियारा म्हणजे माझ्याच आडनावाचा, तरुण, गोड बोलणारा, लोक बोलताना काळा चष्मा काढून हातात धरणारा. खोटं कशाला, मला तो आवडला. शिंपी यामुसा उठून म्हणाला, "मतपेटीने आम्हाला काय दिलं हो? पुढाऱ्यांनी मतं घेतली आणि स्वतःच्या पोरांना परदेशात बंगले घेऊन दिले. ही गणवेशातली पोरं निदान याच देशात झोपतात!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, बाळ मांडीवर होतं म्हणून एका हाताने मांडीवर. मग पलीकडच्या गल्लीतली एक बाई उठली. "माझा मुलगा उत्तरेला पहाऱ्यावर आहे," ती म्हणाली. "आधी तो घरी येऊ दे. मग आणा तुमच्या पेट्या." एवढंच बोलून ती बसली आणि तोंडावर ओढणी घेतली, आणि मला वाटलं, हिच्यापुढे काय बोलणार? खरंच, काय बोलणार? मागून एक पोरगा ओरडला, "तो कधी येणार ते तरी कुणाला विचारायचं, मावशी?" त्याला शेजारच्यांनी खाली ओढलं. मला दोन्ही पटत होतं. मला नेहमीच दोन्ही पटतं आणि मग मी घरी येऊन भांडी घासते.

नुहुम बोलणार हे मला आणि सासूबाईंना माहीत होतं. आठवडाभर तो रात्री छताकडे बघत पडायचा. काल सकाळी मसाला कुटताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "ऐक दियारा. तो उठायच्या आत मी उठते. तो साहेब तुझ्यातलाच चवळीखाऊ, म्हणजे मला मोकळं रान. त्याला असा सोलते की अख्खं पटांगण हसेल. लोक हसले की सभा संपते. मग तुझ्या नवऱ्याला उठायचं कारणच उरत नाही." आणि आम्ही दोघी त्या कुटण्याच्या ठेक्यात हसलो. आपल्या माणसाला वाचवायची युक्ती सापडली की बाईच्या अंगात जे वारं भरतं ते आमच्यात भरलं होतं.

आणि काय उठल्या त्या! गुडघ्यावर हात दाबून, सावकाश, भरजरी झब्बा सारखा करत, जशा लग्नात मानाच्या बाया उठतात. "ए दियाराच्या पोरा!" त्यांनी हाक दिली. "माझ्या घरी जेवायला आलास. म्हणालास, आजी, चार घास खातो आणि उठतो. ताट चाटलंस, काही बोलले नाही. पातेलं चाटलंस, काही बोलले नाही. आता पातेल्यातच मांडी घालून बसलायस, आणि म्हणतोस चवळी शिजायचीय! अरे गुलामा, उठणार कधी? माझ्या घरात बाकीचे उपाशी आहेत!" कोण हसलं नाही? यामुसा हसला, तोंडावर ओढणी घेतलेली ती बाई ओढणीआड हसली, गणवेशातली पोरं पाठ फिरवून हसली. आणि कमांडंट! त्याने छातीवर हात ठेवला, वाकला, डोळे पुसले. "आजी," तो म्हणाला, "त्राओरेंच्या घरात चूल पेटते हे मला आजच कळलं. आमच्याकडे तर सांगतात की तुम्ही शेजारच्या धुरावर पोट भरता!" पुन्हा हशा. सासूबाई बसल्या, आणि बसताना माझ्याकडे बघून भुवई उडवली. झालं. जिंकलो. माझ्या पाठीवरून घाम उतरत गेला तो मला गार लागला.

आणि त्या हशात नुहुम उठला.

मी त्याच्या मागच्या रांगेत होते, म्हणून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होते ते त्याचे कान, लालसर काळे झालेले, आणि पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेला त्याचा हात. ती खुर्ची हलत होती. तिचे पाय खडीवर किर्र किर्र वाजत होते, आणि हशा ओसरला तसा तो आवाज मला जास्त जास्त ऐकू यायला लागला. "माझं नाव नुहुम सामाके," तो म्हणाला. "सामाके आणि दियारा यांच्यात थट्टेचं नातं नाही. तेव्हा मी सरळ बोलतो." मला वाटलं त्याचा झब्बा मागून ओढावा. बाळ मांडीवर होतं. हात गेला नाही. "सैनिक आले त्या दिवशी मी मोठ्या रस्त्यावर होतो. टाळ्या वाजवल्या. घसा बसेपर्यंत ओरडलो. कुणी पैसे दिले नव्हते. तेव्हा तुम्ही निवडणुकीची तारीख दिलीत. ती गेली. दुसरी दिलीत. तीही गेली. आता तारीखच देत नाही. त्या मावशींचं दुःख माझ्या डोक्यावर. त्यांच्या मुलाला तिथे किती काळ ठेवायचं हेसुद्धा कुणालातरी विचारता आलं पाहिजे. टाळ्या वाजवणाऱ्याने नाही विचारायचं, तर कुणी विचारायचं? मला तारीख हवी. कोण जिंकेल मला माहीत नाही. कदाचित मी तुम्हालाच मत देईन, साहेब. पण मला विचारा."

एवढंच. मागून कुणीतरी ओरडलं, "बस रे खुर्चीवाल्या, खुर्ची तुझीच आहे!" पण कुणी हसलं नाही. कमांडंटने चष्मा डोळ्यांवर चढवला. "बसा, सामाके," तो म्हणाला, आणि न हसता, आदराने 'बसा' म्हणाला हे मला फार भयानक वाटलं. मी मात्र त्या क्षणी, ते सांगायलाही आता भीती वाटते, त्या क्षणी कमांडंटकडे पाहतच नव्हते. मी त्या कानांकडे पाहत होते. ते माझ्या नवऱ्याचे कान होते, बाळाचे कान थेट तसेच आहेत, वरच्या कडेला जरासे दुमडलेले. मोडकी खुर्ची परत आणणाऱ्यालाही जो बोलत नाही तो माणूस काल उभा होता. त्याला भीती वाटत नव्हती म्हणून नाही. त्याला इतकी वाटत होती की एक अख्खी खुर्ची हलत होती. मला माझ्या बापाचा अभिमान वाटला आहे, उत्तरेला लढायला गेलेल्या सख्ख्या भावाचा वाटला आहे. पण असा, दूध भरून यावं तसा, दुखत दुखत, कुणाचाच वाटला नव्हता.

घरी येताना मी भांडले, अर्थात. "आईंनी तेच विचारलं होतं ना? शब्द न् शब्द तेच! मग तुला कशाला?" म्हातारी त्याच्या खांद्यावर झोपली होती. त्याने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आई विचारते तेव्हा ते हसतात," तो म्हणाला. "एकदा हसले की उत्तर द्यावं लागत नाही." मग थोड्या वेळाने, अगदी नेहमीसारखा, "मी काय म्हटलं असतं तर बरं झालं असतं?" मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं. जे म्हणालास तेच बरं, असं.

फाटक वाजलं. बुरामा भाट आत आला. वस्तीतली लग्नं जुळवणं, भांडणं मिटवणं, कुणाचं कुणाला अवघड ते सांगणं, हे सगळं त्याच्याच घराण्याकडे. त्याच्या हातात मानपानाला देतात त्या कोलाच्या बियांची पुडी होती, मागणी घालायला आल्यासारखी. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्याने विचारलं, घर शांत आहे का. त्या म्हणाल्या, शांतता आहे. मुलं? शांतता. सून? शांतता. आणि मी आत ऐकत होते, आणि मला वाटत होतं की ही विचारपूस संपूच नये, तो असाच आमच्या बकऱ्यांपर्यंत, आंब्यापर्यंत, विहिरीपर्यंत सगळ्यांची शांतता विचारत बसावा.

मी बाळाला घेऊन दारात आले. बुरामाने पुडी चटईवर ठेवली.

"वोरोकिया, छावणीवरूनच येतोय. कमांडंट वाईट माणूस नाही," तो म्हणाला. "नुहुमला त्याने स्वतः चहा ओतून दिला. तो म्हणतो, हा त्राओरे बाईच्या पोटचा. आईचं दूध प्यालाय तर आईची थट्टाही प्यालाच असेल. त्याने एवढंच म्हणावं, मी आईच्या नात्याने गंमत केली. संपलं. घरी जाऊन जेवा."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय!" बुरामाने जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "तुझा पोरगा म्हणतो, मी गंमत केली नाही. चहा प्यायला, आभार मानले, आणि म्हणतो, गंमत केली नाही! असं गाढव मी बघितलं नव्हतं. मी त्याच्या बारशाला गायलो होतो, वोरोकिया, नाहीतर काठीच घातली असती."

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की नाही, कळलं नाही.

"तरी कमांडंट म्हणाला, असू दे. तो नाही तर घरातलं दुसरं कुणी येऊन म्हणू दे. आई म्हणू दे. नाहीतर," बुरामाने माझ्याकडे पाहिलं, "ती बायको म्हणू दे. तो म्हणतो, ती दियारा, माझ्याच आडनावाची, म्हणजे माझी बहीणच. बहीण चार माणसांत म्हणाली, नवरा गंमत करत होता, की भाऊ ऐकेल. पण संध्याकाळच्या नमाजाच्या आत. त्यानंतर कागद वर जातात. वर गेले की त्याच्या हातात काही नाही, आणि तिकडून माणूस कधी येतो ते..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि उगाच पुडी सारखी केली.

आंब्यावरून एक सुकं पान सुपात पडलं. सासूबाईंनी ते उचलून बाजूला ठेवलं, जपून, जणू त्याचाही काही उपयोग होता. "लहान असताना," त्या म्हणाल्या, "हा अंधारात परसाकडे एकटा जायचा नाही. मी दिवा घेऊन उभी राहायची आणि जाताना-येताना गाणं म्हणायची, मी आहे हे त्याला कळावं म्हणून. काल मी त्याच्यावर पांघरूण घातलं, बुरामा. सगळ्या वस्तीदेखत. आणि त्याने सगळ्या वस्तीदेखत ते काढून घडी करून ठेवलं." त्यांनी नाक ओढलं. "आता मी जाऊन पुन्हा घातलं तर माझं पोर त्याच्याखालून परत उठायचं नाही. मी जाणार नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"ए दियारा," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहत राहिले. पुढे चवळी येईल, पातेलं येईल, माझ्या माहेराचा उद्धार होईल, आणि मग मला त्या हशाच्या आडून काय करायचं ते कळेल. काहीच आलं नाही. "भाऊ तुझा आहे," त्या म्हणाल्या, "नवरा तुझा आहे. जायचं तर जा, मी तुला शब्दाने बोलणार नाही. आणि नाही गेलीस तरी बोलणार नाही." त्यांनी सूप उचललं.

बुरामा उठला नाही. तो थांबणार होता. मी निघाले तर मला घेऊन जायला. मी आत गेले, का ते माहीत नाही. बाळ झोपलं होतं, त्याचा दुमडलेला कान माझ्या हातावर गरम लागत होता. चार माणसांत एकच वाक्य. लहानसं. त्यात खोटं तरी किती? तो रात्री घरी असेल. ताटापुढे बसेल, शेंगदाण्याच्या रश्श्यात बोटं बुडवेल, मुलीला मांडीवर घेईल, आणि मला म्हणेल, "बरं झालं," कारण तो मला कधी दुसरं काही म्हणतच नाही. आणि परवा कुठल्यातरी लग्नात खुर्च्या मांडताना यामुसा ओरडेल, "काय रे खुर्चीवाल्या, आज काही गंमत नाही का?" आणि तो हसेल. सगळ्यांबरोबर तोही हसेल. ते हसू मला आताच दिसत होतं, आणि ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि मी गेले नाही तर? तर त्याचं तोंडच दिसत नव्हतं. तिथे एक पाठ होती, निळा झब्बा होता, त्याच्यापलीकडे काही नव्हतं. मला तो घरी हवा होता. मला तो कालच्यासारखाही हवा होता. बाळाला जमिनीवर ठेवलं, ओढणी घेतली, पुन्हा खुंटीला लावली, पुन्हा घेतली.

म्हातारी कधी आत आली कळलं नाही. ती माझ्यासमोर उभी होती, एका पायात चप्पल, आणि तिने बुरामाचं सगळं ऐकलं होतं, कारण ती सगळं ऐकते. काल ती बाबाच्या शेजारच्या खुर्चीवर होती. त्याचं तोंड तिलाच दिसलं होतं, मला नाही. तिने माझ्या हातातल्या ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "बाबा गंमत करत होता?"